वामनरावांची जागा

दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं, तेव्हा गयासुद्दीन शेगडीपासून दोन हातांवर बसून दाढीला तेल लावत होता. अकीला अंगणातून धावत आली. तिनं फडक्यानं पातेलं उतरवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"पूरे मोहल्ले को बू आ रही है," ती हळू आवाजात म्हणाली, "और तुमको पता नहीं."

गयासुद्दीननं दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. तो उठला, आधी दार लावून घेतलं, मग करपलेल्या पातेल्याकडे वळला. माणूस आतून घाबरलेला असला की असंच करतो. दूध गेल्याचं त्याला काही वाटत नाही, कुणी पाहिलं तर नाही ना, एवढंच वाटतं.

आणि त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. अकोटच्या एका जिनिंगमध्ये तो आगपहाऱ्याचा मुकादम होता. जिनिंग म्हणजे जिथं कापसातली सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात, तो कारखाना. तिथल्या आवारात हंगामात कापसाच्या घराएवढ्या गंज्या उभ्या असतात आणि त्या प्रत्येक गंजीच्या पोटात आग असू शकते. कापसाची आग कपटी. वर पांढरंशुभ्र, आणि आत तास न् तास धुमसत राहते. धूर दिसला तेव्हा वेळ गेलेली असते, कारण कापूस पेटत नाही, धावतो. म्हणून जिनिंगमध्ये पाच माणसं अशी ठेवतात, की त्यांचं काम फक्त फिरणं आणि वास घेणं. गयासुद्दीन तेहतीस वर्षं फिरत होता. गावात म्हण पडली होती, की गयासचाचाच्या नाकाला सरकार दरबारी नोकरी लागायला पाहिजे.

ते नाक दोन वर्षांपूर्वी मेलं. पावसाळ्यात ताप आला, तीन आठवडे राहिला, आणि जाताना वास घेऊन गेला. अत्तर, मटण, शेण, पहिल्या वेचणीचा कापूस, नातवाचं डोकं, सगळं एकसारखं झालं. म्हणजे काहीच नाही झालं. हकीम झाले, डॉक्टर झाले. गयासुद्दीननं फक्त दोघांना सांगितलं: घरात अकीलाला आणि कारखान्यात वामनरावांना.

वामनराव त्याच्याच पहाऱ्यातले, वयानं दोन वर्षांनी मोठे. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, गयास. तू पुढं चाल, मी मांगं हाय." तेव्हापासून दोघं जोडीनं फिरायचे. कुठं जळका वास आला की वामनराव नुसतं खाकरायचे आणि गयासुद्दीन हात वर करून हुकूम सोडायचा, "उघडा रे ही गंजी!" दोन हंगामांत चार आगी अशा सापडल्या. चारही वेळा शाबासकी गयासुद्दीनला मिळाली आणि चारही वेळा वामनराव मनापासून हसले. असा मित्र सात जन्मांत एकदा भेटतो.

पण यंदा दिवाळीनंतर वामनरावांचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना मूर्तिजापूरला घेऊन गेला. गेले तीन आठवडे गयासुद्दीन एकटा फिरत होता. गंजीत खांद्यापर्यंत हात घालून ऊब लागते का बघायचा, बाकीच्या तीन पहारेकऱ्यांच्या तोंडाकडे चोरून पाहायचा, आणि घरी आल्यावर त्याला घास गिळत नसे. झोपेत तो खाकरण्याचा आवाज ऐकायचा आणि दचकून उठायचा.

आज वामनरावांच्या जागेसाठी मुलाखती होत्या. निवडणाऱ्यांत मालकांचा मुलगा अनुप आणि दुसरा गयासुद्दीन. त्याला कसा माणूस हवा होता, ते त्याला नीट ठाऊक होतं. नाक तिखट आणि तोंड बंद. यातलं नाक तपासायची रीत जुनी होती. तोंड कसं तपासायचं, हे मात्र त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं नव्हतं.

रीत अशी होती. आवाराच्या मोकळ्या बाजूला वाया गेलेल्या, मातकट कापसाचे गुडघ्याएवढे सात ढीग घालायचे. एका ढिगात, भोकं पाडलेल्या मडक्यात, कापसाची धुमसती वात ठेवायची. उमेदवारानं सातही ढिगांभोवती एक फेरी मारायची आणि बोट दाखवायचं. हात लावायचा नाही, थांबायचं नाही. सतरा वर्षांचा असताना गयासुद्दीन अशीच फेरी मारून नोकरीला लागला होता.

एरवी कारखान्याच्या फाटकाच्या आत काडीपेटी आणली तर माणसाला त्याच पावली घरी पाठवत. फक्त परीक्षेच्या दिवशी, फक्त मुकादमाला, ती मुभा असे. आजवर दर वेळी गयासुद्दीन वात पेटवायचा आणि वामनराव बादली घेऊन शेजारी उभे राहायचे. आज बादली होती, वामनराव नव्हते. वारा सुटला होता. मोकळ्यावर तीन काड्या विझल्या. चौथ्या वेळी गयासुद्दीन मडकं घेऊन तीन नंबरच्या मोठ्या गंजीच्या आडोशाला गेला, ताडपत्रीच्या कडेला पाठ करून बसला आणि काडी ओढली. वात धरली. वाऱ्याचा एक झोत आला, त्यानं घाईनं हाताचा आडोसा केला, झाकण लावलं आणि मडकं पोटाशी धरून चौथ्या ढिगाकडे गेला. विझलेल्या काड्या मोजून खिशात टाकल्या. चारही होत्या. माणूस सावध होता हो. पण सावधपणाला नाक लागतं.

त्या दोन-तीन वर्षांत वऱ्हाडात नोकरीची जाहिरात म्हणजे जत्राच असे. शेतीत राम उरला नव्हता, निम्म्या जिनिंगांना कुलपं लागली होती, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी कधी दुसऱ्याच्या दारात पाय ठेवला नव्हता, ती पोरं कागदांची पिशवी छातीशी धरून एसटीनं हिंडत होती. एका जागेला सत्तावन्न अर्ज आले. अनुपनं त्यातून सहा निवडले. अनुप पुण्याहून मोठं शिक्षण घेऊन आलेला, पोरगा मनानं चांगला, पण प्रत्येक वाक्यात त्याला 'टीम' लागायची.

"चाचा, नुसतं काम येणारा माणूस नको," तो मुलाखतीआधी म्हणाला, "आपल्या टीममध्ये बसणारा हवा. ते तुम्हीच ओळखाल."

"हो जी," गयासुद्दीन म्हणाला.

पहिल्या तिघांच्या मुलाखती पटापट उरकल्या. एक बी.ए., एक डी.एड., एकाला तर तपकिरीची सवय होती, त्याचं नाक त्याच्याच कामाचं नव्हतं. चौथा देवमन, चाळिशीचा, बोलका. त्यानं बसल्या बसल्या आधीच्या कारखान्यातल्या मुकादमाच्या चार कुलंगडी सांगितली. गयासुद्दीननं त्याच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारली. पाचवा सहदेव. खाली मान, हात गुडघ्यांवर, विचारलं तेवढंच उत्तर.

गयासुद्दीननं प्रत्येकाला एकच प्रश्न ठरवला होता. तो त्यानं सहदेवलाही विचारला. "मुकादम चुकला तं काय करशीन?"

सहदेव गोंधळला. "मुकादम कसा चुकीन जी?"

गयासुद्दीनला तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. हाच तो. याला खाकरायला शिकवलं की झालं.

सहावी बाई होती. सत्यवती तायडे, वय पस्तीस, अकोटजवळच्याच खेड्यातली. दारातून "जय भीम" म्हणून आत आली आणि सांगायच्या आधी बसली. जाहिरातीत कुठं पुरुष म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं अर्ज केला होता. आणि अनुपला ते आवडलं होतं. शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम ती नऊ वर्षं करत होती. नवा ठेकेदार आला आणि तिचं काम गेलं.

"ठेकेदाराशी भांडण झालं?" अनुपनं विचारलं.

"तांदूळ कुबट होता. मी म्हनलं, लेकरायले हे खाऊ घालत नाही. त्यानं म्हनलं, घरी बस." तिनं खांदे उडवले. "पोतं उघडाच्या आधी वास आला होता मले."

गयासुद्दीननं मनात नोंद केली. नाक असंच पाहिजे. आणि तोंड अगदी असंच नको.

"मुकादम चुकला तं काय करशीन?" त्यानं विचारलं.

"तोंडावर सांगीन."

"त्यानं ऐकलं नाही तं?"

"पुन्यांदा सांगीन."

अनुप हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गयासुद्दीननं घसा साफ केला. तेवढ्यात सत्यवती किंचित पुढे झुकली, नाकपुड्या हलल्या, आणि ती म्हणाली, "चाचा, तुमची बाही जळली हाय. सुती जळल्याचा वास येऊन राह्यला."

त्यानं खाली पाहिलं. उजव्या बाहीच्या काठाला डाळीएवढं काळं भोक पडलं होतं. त्यानं झटकन हात टेबलाखाली घेतला.

"अरे, परीक्षेची वात पेटवली ना त्यांनी," अनुप कौतुकानं म्हणाला, "वा, बाई, नाक आहे तुम्हाला!"

पण सत्यवती अनुपकडे पाहत नव्हती. ती गयासुद्दीनच्या तोंडाकडे पाहत होती. दोन तास स्वतःची बाही जळका वास मारत होती आणि या माणसाला ते आत्ता, डोळ्यांनी, कळलं होतं. ते तिनं पाहिलं. तिनं पाहिलं, हे त्यानंही पाहिलं. तेहतीस वर्षं कमावलेलं नाव आता एका अनोळखी बाईच्या जिभेवर बसलं होतं, आणि ती जीभ कशी आहे हे तिनंच आत्ता सांगितलं होतं.

दीडच्या सुमारास सगळे आवारात आले. जेवणाची सुट्टी व्हायची होती. तीन नंबरच्या गंजीच्या सावलीत कापूस निवडणाऱ्या बाया बसल्या होत्या, वीसेक तरी असतील. त्यांची म्होरकी पार्वताबाई, साठीची, गयासुद्दीनला भाऊ मानणारी. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी तिच्या घरी जायची.

परीक्षा सुरू झाली. देवमननं दोन फेऱ्या मागितल्या आणि चुकीच्या ढिगावर बोट ठेवलं. आधीच्या तिघांपैकी एकालाच जमलं. सहदेवनं हळूहळू फेरी मारली, चौथ्या ढिगापाशी अडखळला, आणि बोट दाखवलं. बरोबर. गयासुद्दीननं मान डोलावली. आता या बाईनं चुकावं, एवढंच तो मनात म्हणत होता. या खुदा, आज एवढं कर.

सत्यवतीनं पदर खोचला आणि निघाली. चौथ्या ढिगापाशी न थांबताच तिनं बोट दाखवलं. अनुपनं टाळी वाजवली. पण बाई थांबली नाही. सातवा ढीग मागे टाकून तशीच पुढे गेली, मोठ्या गंज्यांकडे. तिथं उभी राहिली, मान वळवली, आणि तीन नंबरच्या गंजीकडे बोट केलं.

"इथं बी हाय," ती म्हणाली.

सगळे हसले. पहारेकऱ्यांतला एक म्हणाला, "मडक्याचाच वास हाय तो बाई, हवेनं तिकडं गेला असन."

"हवा तिकडून इकडं हाय," सत्यवती म्हणाली.

ते खरं होतं. पण दोन तास सगळ्यांच्या नाकात मडक्यातलाच धूर होता. वास घेणाऱ्या माणसांची नाकं त्या परीक्षेनंच बुजवली होती. तिन्ही पहारेकऱ्यांनी गंजीजवळ जाऊन हुंगलं आणि एकमेकांकडे पाहिलं. एकाला वाटलं आहे, दुसऱ्याला वाटलं नाही, तिसऱ्यानं सरळ मुकादमाकडे पाहिलं.

"चाचा," अनुप म्हणाला, "तुम्ही सांगा. तुमचं नाक म्हणजे शेवटचा शब्द."

पन्नास पावलांचं अंतर होतं. गयासुद्दीन ते चालला. गंजी हिरव्या ताडपत्रीखाली शांत उभी होती. त्यानं श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. थंड हवा आली आणि गेली, जशी दोन वर्षं येत-जात होती. मग नजर खाली गेली. ताडपत्रीची तीच कड. सकाळी तो बसला होता तीच जागा. त्याला वाऱ्याचा झोत आठवला, हाताचा आडोसा आठवला, बाहीचं भोक आठवलं. ठिणगी बाहीवर बसली होती, तर एकटीच बसली असेल कशावरून?

त्यानं ताडपत्रीखाली हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. थंड. नुसता मऊ, थंड कापूस. म्हणजे नसेल. किंवा आणखी आत असेल. नाही म्हणावं तर विषय इथंच संपतो, सहदेव निवडला जातो, ही बाई आपल्या गावी जाते. वीस हातांवर पार्वताबाई डब्याचं झाकण उघडत होती. हो म्हणावं आणि काही निघालं नाही, तर हंगामाच्या भरात अख्खी गंजी उपसायला लावणारा मुकादम म्हणून हसं होणार. आणि निघालं तर? कुणी विचारलंच, की काडी कुणी ओढली?

शेजारी पावलं वाजली. सत्यवती जवळ येऊन उभी राहिली, बाकीच्यांकडे पाठ करून. तिचा आवाज इतका खाली होता, की त्यालाही कान द्यावा लागला.

"चाचा, तुमाले वास येत नाही ना?"

त्यानं ताडपत्रीखालचा हात बाहेर काढला. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

"मी कोनाले सांगत नाही," ती म्हणाली. "पन आग हाय. खालून, डाव्या अंगाले. तुमी म्हना, आन लवकर म्हना."

गयासुद्दीननं डोळे मिटले. मग वळला आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "पार्वते! बायांले घेऊन ऊठ! डबे राहू द्या! उघडा रे ही गंजी, डाव्या अंगानं!" आणि गळ्यातली शिट्टी तोंडात घालून तो वाजवत सुटला.

ताडपत्री ओढली, दोन हात कापूस उपसला, आणि आतून पिवळा, जाड धूर बाहेर पडला. मग एकदम लाल. हवा लागताच ज्वाळा अंगावर उडी मारून आली आणि बाया बसल्या होत्या त्या जागेवरून सरकत गेली. एक डबा, दोन चपला आणि पार्वताबाईची पिशवी जळाली. माणूस एकही नाही. अर्धा तास नळ्या, बादल्या, वाळू चालली. गंजी निम्मी गेली, पण बाजूच्या दोन वाचल्या.

सगळं विझल्यावर काळ्या चिखलात उभं राहून लोकांनी गयासुद्दीनच्या पाठीवर थापा मारल्या. पार्वताबाई त्याचा दंड धरून रडली. "गयासभाऊ, तुह्या नाकानं आमचं कुंकू, लेकरं राखली रे," ती म्हणत होती, आणि त्याला ते शब्द चटक्यांसारखे लागत होते. तरी त्यानं ते ऐकून घेतले. खोटं का बोला, क्षणभर त्याला बरंही वाटलं. सुटलो, असं वाटलं. बाई गप्प होती. तिला घेऊ, ती मागे चालेल, खाकरेल. वामनरावांची जागा भरली.

अनुप मात्र सत्यवतीकडे बघत होता. त्याचा चेहरा बदलत गेला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "माझ्या तीन तयार माणसांना कळलं नाही. हिला लांबूनच कळलं. गंजीही नेमकी तीच दाखवली. कसं काय?"

मग देवमन बोलला. त्याला राहवतच नव्हतं. "फाटकावर बायांची झडती घेत नाही जी. आमाले सगळ्यायले तपासलं, हिले नाही."

"मुलाखतीच्या आधी ही तासभर आवारात होती," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"नोकरीसाठी?" अनुप म्हणाला. तोही घाबरलाच होता, वीस बाया जळाल्या असत्या हे आत्ता कुठं त्याच्या डोक्यात शिरत होतं. "नोकरीसाठी आग लावलीस? आणि मग स्वतःच दाखवलीस?"

सांगायला लाज वाटते, पण त्या वर्षांत हे कुणाला अशक्य वाटलं नाही. नोकरीसाठी माणसं काय काय करत होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्या बाया मघाशी मरणातून वाचल्या, त्याच आता सत्यवतीपासून दोन पावलं मागे सरकल्या.

"मी नाही लावली," सत्यवती म्हणाली.

"मग कुणी लावली? चाचांची सोडली तर फाटकाच्या आत काडीपेटी येत नाही!" अनुपनं खिशातून मोबाइल काढला. "पोलिसांना बोलवतो. तेच बघतील."

सत्यवतीचा चेहरा पांढरा पडला होता. पोलीस म्हणजे काय, हे तिच्यासारख्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिनं एकदाच गयासुद्दीनकडे पाहिलं. नजरेत ना विनवणी होती, ना धाक. तिनं फक्त पाहिलं, आणि मान खाली घातली. सांगणार नाही म्हणाली होती, ती सांगत नव्हती.

गयासुद्दीनला त्या क्षणी अकीलाचं शांत तोंड दिसलं, घराचं लावलेलं दार दिसलं. त्याच्या खिशात चार विझलेल्या काड्या होत्या. आपण गप्प राहिलो तर कुणाला काही कळणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचीच त्याला आगीपेक्षा जास्त भीती वाटली. आज एक बाई गप्प बसून आपल्यासाठी तुरुंगात जाईल. उद्या आपण गंजीसमोर उभे राहू, आणि मागे कुणी खाकरणारं नसेल.

"अनुपबाबू, फोन ठेवा," तो म्हणाला.

"चाचा, तुम्ही मध्ये पडू नका."

"आग म्या लावली."

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात धूर गेला, असं वाटलं असेल. गयासुद्दीननं खिशातल्या चार काड्या काढून तळहातावर धरल्या आणि दुसऱ्या हातानं बाहीचं भोक पुढे केलं.

"मोकळ्यावर वात धरेना, म्हनून गंजीच्या आडोशाले बसलो. ठिणगी उडाली. बाहीवर पडली, तशी गंजीत बी पडली. मले समजलं नाही." पुढचं वाक्य दोन वर्षं घशात अडकलं होतं. "मले वास येत नाही. दोन वर्सं झाले. नाक मेलं माह्यं. आज बी नाही आला. ह्या बाईनं सांगतलं, तवा म्या शिट्टी मारली."

पार्वताबाईनं त्याचा दंड अजून धरला होता. तो तिनं हळूच सोडला. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"दोन वर्षं," अनुप म्हणाला. "दोन वर्षं आम्ही सगळे तुमच्या नाकावर..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. तो लहानपणी या माणसाच्या खांद्यावर बसून गंज्या मोजायचा. त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नका, चाचा."

"नाही येत."

अनुप सत्यवतीकडे वळला. त्याला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? मी पोलिसांना बोलवत होतो!"

सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं.

"मी म्हनलं होतं ना, मुकादम चुकला तं तोंडावर सांगीन," ती म्हणाली. "त्याइच्या तोंडावर सांगतलं. चार लोकायत काहून सांगू?"

गयासुद्दीननं गळ्यातली शिट्टी काढली. दोरी मळून काळी झाली होती. ती त्यानं धुऊन द्यायला हवी होती, असं उगीच त्याच्या मनात आलं. त्यानं ती सत्यवतीच्या हातात ठेवली. अनुपनं मान डोलावली.

"सकाळी पयले सरकीच्या शेडमागं पाहत जाय," तो म्हणाला. "तिथं वाऱ्याचा झोत राहते."

"हो चाचा," ती म्हणाली.

तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा चार वाजले होते. घरी अकीलाला सगळं एका दमात सांगितलं. तिनं शेगडी पेटवली, संध्याकाळचं दूध चढवलं, आणि सवयीनं दार लावायला उठली.

"खुला रहने दो," गयासुद्दीन म्हणाला.

तो शेगडीजवळ बसला आणि दूध वर येतं का, ते डोळ्यांनी पाहत राहिला.